दोन याद्या, एक गोदाम आणि फोन न उचलणारा पार्टनर: अन्नवाटपात सरकारशी जमवायचं कसं?

वाटसरू_९

नमस्कार मंडळी, मदतकार्यात हात काळे केलेले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतोय. मी पाच वर्षं आरोग्याच्या प्रोजेक्टवर होतो, आता एका आंतरराष्ट्रीय संस्थेत अन्नवाटपाच्या कामाला आलोय. पोस्टिंग कुठे ते सांगत नाही, दुष्काळ आणि विस्थापन दोन्ही आहे एवढं समजा. माझं काम म्हणजे जिल्हा प्रशासन आणि आमची स्थानिक पार्टनर संस्था यांच्याशी को-ऑर्डिनेशन. ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात याच्या दारातून त्याच्या दारात.

तर घोडं अडलंय लाभार्थ्यांच्या यादीवर. पार्टनरच्या पोरांनी तीन आठवडे घरोघर, तंबूतंबूत फिरून यादी केली. ती आम्ही जिल्हा समितीला पाठवली तर तिकडून उत्तर म्हणून त्यांचीच एक वेगळी यादी आली, प्रत्येक पानावर शिक्का. दोन्ही शेजारी ठेवल्या तर साधारण चौथा हिस्सा नावं जुळत नाहीत. समिती म्हणते आमच्या यादीशिवाय ट्रक पुढे जाणार नाही. पार्टनर म्हणतो त्यांच्या यादीत चांगली दुकानं चालवणारे आहेत आणि मागच्या महिन्यात आलेली विस्थापित कुटुंबं गायब. वरून साहेबांचा मेल, लवकर निपटवा, डोनरला रिपोर्ट द्यायचाय. आणि धान्य गोदामात पडून.

सरकारचं ऐकलं तर निःपक्षपातीपणा गेला, नाही ऐकलं तर वाटपच नाही. तुम्ही कुणी असं हाताळलंय का? आणि हो, पार्टनर संस्थेचा कोऑर्डिनेटर आठवडाभर माझा फोन उचलत नाहीये, मी त्याचं काय घोडं मारलंय कळत नाही.

रोखठोक

सरळ उत्तर देतो. सरकारला बाजूला ठेवा. जिथे भूक आहे तिथे बहुतेक वेळा सरकारचाच हात असतो आणि त्याच सरकारच्या शिक्क्यासाठी तुम्ही ताटकळत बसता. समिती, उपसमिती, ना हरकत पत्र, नुसते कागदी घोडे, तोवर माणसं मरतात.

जुनंखोड

रोखठोक, तुमचा राग समजतो, पण बाजूला ठेवणार म्हणजे नेमकं काय करणार? बंदर त्यांचं, रस्ता त्यांचा, व्हिसा त्यांचा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये ठराव केला, ४६/१८२, आजही सगळी मदतव्यवस्था त्यावर उभी आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की मदत त्या देशाच्या संमतीने द्यायची, आणि ती सुरू करणं, तिची आखणी, समन्वय, अंमल यात पहिली जबाबदारी त्या राज्याची. त्याच ठरावात माणुसकी, तटस्थता, निःपक्षपातीपणा हेही आहे. दोन्ही एकाच कागदावर, म्हणजे भांडण मुळातच लिहून ठेवलंय म्हणा ना. 

सरकार नको म्हणतं तेव्हा काय होतं ते २००८ मध्ये म्यानमारमध्ये नर्गिस चक्रीवादळानंतर दिसलं. मदतीला निघालेले लोक व्हिसाची वाट बघत शेजारच्या देशात बसून. शेवटी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस स्वतः गेले, आसियान ही आग्नेय आशियातल्या देशांची संघटना मधे पडली, आसियान, संयुक्त राष्ट्रं आणि म्यानमार सरकार अशी तिघांची समिती झाली तेव्हा गाडी हलली. म्हणजे मार्ग निघाला तोही सरकारला टेबलावर बसवूनच.

अपवाद आहेत. सीरियात २०१४ पासून सुरक्षा परिषदेच्या २१६५ क्रमांकाच्या ठरावाने दमास्कसच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या, संमतीशिवाय सीमेपलीकडून ट्रक जात होते. पण तो ठराव दर सहा किंवा बारा महिन्यांनी वाढवायला लागायचा, दर वेळी नकाराधिकाराची टांगती तलवार, एकेक नाकं बंद होत होत तुर्कस्तानच्या सीमेवरच्या बाब अल-हवा या एका नाक्यावर सगळं आलं आणि २०२३ च्या जुलैत मुदतवाढ पण फसली. मग पुन्हा सरकारच्याच परवानगीवर. त्याआधी १९८९ मध्ये सुदानमध्ये सरकार, दक्षिणेतले बंडखोर आणि संयुक्त राष्ट्रं अशा तिघांचा करार होऊन दोन्ही बाजूंना धान्य गेलं, पण कुठल्या धावपट्टीवर विमान उतरेल हे खार्टूमचं सरकार ठरवायचं आणि नको तिथे नाही म्हणायचं. संमती हे एकदाच मिळणारं सर्टिफिकेट नाहीये हो, ती रोज नव्याने मागायला लागते.

वाटसरू, तुमच्या यादीचं नंतर लिहितो, आत्ता मिटींग आहे.

मधल्यामधे

मी नऊ वर्षं तुमच्या त्या "पार्टनर"च्या बाजूला काढली आहेत, तेव्हा आधी फोनचं सांगते. तो फोन उचलत नाही कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही आणि ऐकण्याची ताकद उरलेली नाही. तुम्ही यादी समितीला पाठवलीत ना, त्याला विचारून पाठवलीत का? मेलमध्ये त्याच्या संस्थेचं नाव होतं का? असेल तर समितीतल्या माणसाने सगळ्यात आधी त्यालाच बोलावून झाडला असेल. तुम्ही परदेशी संस्थेचे, तुमच्याशी गोड बोलतील. त्याच्या संस्थेची नोंदणी त्याच जिल्ह्यात, त्याची पोरं त्याच शाळेत, त्याचा भाऊ त्याच बाजारात. तुमची पोस्टिंग संपली की तुम्ही विमानात बसाल, तो तिथेच.

आमच्याकडे एकदा रेशन निम्मं झालं तेव्हाचं सांगते म्हणजे कळेल. पूर्ण रेशन कसं असतं, माणशी दिवसाला २,१०० कॅलरी धरतात, त्यात धान्य साधारण ४०० ग्रॅम, डाळ ६० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, मीठ चिमूटभर. महिन्याचं धान्य माणशी १२ किलो. म्हणजे चार माणसांच्या घराला ४८ किलो, जवळपास ५० किलोचं एक अख्खं पोतं. पोतं उचललं, ठसा दिला, गेलं घरी, भांडण नाही. रेशन निम्मं झालं की पोतं फोडायला लागतं. दोन कुटुंबं, एक पोतं, मधे एक पत्र्याचा डबा माप म्हणून. डबा शिगोशिग भरला की काठोकाठ यावरून दिवसभर आरडाओरडा. सांडलेले दाणे वाळूतून वेचायला लहान पोरं रांगेच्या कडेला थांबलेली असायची, एक मुलगी तर चाळणी घेऊन यायची. आणि निम्मं का झालं हा निर्णय कुठे झाला? हजारो किलोमीटर लांब, पैसे नाहीत म्हणून. सांगायला कोण उभं? आम्ही. ज्या संस्थेने कपात केली तिचा माणूस त्या दिवशी फील्डवर नव्हता, "सिक्युरिटी ॲडव्हायजरी" होती म्हणे, म्हणजे धोका आहे, जाऊ नका. आमच्यासाठी ॲडव्हायजरी नव्हती वाटतं.

हे एकट्या आमच्याकडचं नाही. बांगलादेशात रोहिंग्यांच्या छावण्यांमध्ये २०२३ मध्ये महिन्याचं माणशी १२ डॉलरचं व्हाउचर मार्चमध्ये १० वर आणि जूनमध्ये ८ वर आणलं. आकडे कागदावर बदलतात, शिव्या दारातल्या माणसाला पडतात.

मग पैसे. करार होतो सहा महिन्यांचा, कधी तीन. मोबदला बऱ्याचदा टनावर. ट्रक अडला, टन हलले नाहीत, की पैसेही नाहीत, पण गोदामाच्या वॉचमनचा आणि यादी करणाऱ्या पोरांचा पगार तर द्यायलाच लागतो ना. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या शिखर परिषदेत सगळ्या मोठ्या लोकांनी शब्द दिला होता की २०२० पर्यंत एकूण पैशातले २५ टक्के शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांना. ते साल कधीच मागे पडलं, थेट येणारा वाटा आजही त्याच्या आसपास फिरकत नाही. तेव्हा वाटसरूभाऊ, राग मानू नका, फोन करू नका. गाडी काढा आणि त्याच्या ऑफिसात जाऊन बसा. आणि विचारा की मागचा हप्ता आला का. नसेल आला तर तुमच्या फायनान्सवाल्याला तिथूनच फोन लावा, त्याच्यासमोर.

गोदामराव

वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. धान्य गोदामात किती दिवस आहे?? यादीचं भांडण दोन महिने चालू शकतं, किड्याला तेवढा धीर नसतो. शेवटचं फ्युमिगेशन, म्हणजे गॅस देऊन कीड मारणं, कधी झालं ते बघा, पोती जमिनीला टेकलेली नाहीत ना बघा, भिंतीपासून माणूस फिरेल एवढी जागा आहे ना बघा. आधी आलेलं आधी बाहेर हा नियम, पण मी अशी गोदामं बघितलीत जिथे नवीन थप्पी पुढे लावलेली आणि जुनी मागे कोपऱ्यात, उघडली तर पीठ झालेलं. तेव्हा तुमच्याकडे दोन याद्या असतील आणि वाटायला काही नसेल.

दुसरं, सरकारशी को-ऑर्डिनेशन म्हटलं की सगळ्यांना मिटींग आठवतात, मला कागद आठवतात. करमाफीचं पत्र, आरोग्य प्रमाणपत्र, कीडमुक्त असल्याचं प्रमाणपत्र, कुणाच्या नावाने माल उतरणार ते. जहाज निघायच्या आधी हे हातात पाहिजे. जहाज बंदराला लागल्यावर पत्रासाठी पळापळ केली की कंटेनरचं भाडं रोज चढतं आणि ते पैसे कुणाच्या तरी रेशनमधूनच जातात.

आणि सरकारला काय चालतं हे आधी विचारा राव. २००२ मध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या सगळ्या पट्ट्यात दुष्काळ होता, अमेरिकेतून मका आला, तो जनुकीय बदल केलेला. झांबियाने सरळ नाही म्हटलं, गोदामात आलेला मका परत न्यायला लावला. झिम्बाब्वे, मोझांबिक वगैरेंनी दळून द्या म्हटलं, कारण अख्खा दाणा शेतकरी पेरणार, मग त्यांच्या पिकात मिसळणार, पुढे निर्यातीचं काय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं भीक नको पण कुत्रा आवर असा प्रकार, उपाशी लोक असताना नखरे कसले. पण दाणा पेरला जातो हे खरंच होतं ना, त्यांना त्यांचं शेत माहीत. दळण्याची व्यवस्था आधी केली असती तर काही महिने वाचले असते.

चांगलं उदाहरण पण देतो, नाहीतर म्हणाल रडगाणंच गातो. नेपाळमध्ये काठमांडूच्या विमानतळावर सरकारसोबत बसून मदतसामान उतरवायचा आणि लावायचा तळ बांधला, तो २०१५ च्या मार्चमध्ये तयार झाला. २५ एप्रिलला भूकंप. महिनाभर आधी! तरी पुढे कस्टममध्ये सामान अडलंच, ते वेगळं, पण तळ नसता तर काय झालं असतं विचार करा.

जुनंखोड

आलो परत. गोदामराव नेहमीप्रमाणे मुद्द्याला हात घालतात. आता यादी.

वाटसरू, तुम्ही नावांवर भांडताय. नावांवर भांडण कधी सुटत नाही, कारण प्रत्येक नावामागे कुणाचा तरी मेहुणा असतो. एक पायरी मागे या. निकष लिहिलेत का? म्हणजे कोणाला द्यायचं हे आधी, नावं नंतर. एकटी बाई घर चालवतेय, घरात कमावतं कुणी नाही, लहान मुलं किती, येऊन किती दिवस झाले. हे समितीसोबत एका पानावर ठरलं, सही झाली, गावात वाचून दाखवलं की मग दुकानवाला कुठल्या निकषात बसतो हे समितीलाच सांगावं लागेल. तुम्हाला "तुमची यादी खोटी" असं म्हणावंच लागत नाही. तुर्कस्तानात २०१६ च्या शेवटी सीरियन निर्वासितांसाठी महिन्याला पैसे जमा होणारं कार्ड सुरू झालं, युरोपियन युनियनचा पैसा, जागतिक अन्न कार्यक्रम, तुर्की रेड क्रेसेंट आणि सरकारी समाजकल्याण कार्यालयं सगळे एकत्र. अर्ज सरकारी व्यवस्थेतून, निकष उघड, कितीजणांचं कुटुंब, किती मुलं, म्हातारं कोण. १५ लाखांहून जास्त माणसांपर्यंत गेलं ते. सरकारची यंत्रणा वापरली पण कोणाला मिळणार हे कुणा साहेबाच्या मर्जीवर नव्हतं. अर्थात तिथे सरकारकडे यंत्रणा होती हेही खरं, सगळीकडे नसते.

उलटं काय होतं तेही ऐका. इथिओपियात लाभार्थी निवडणं वर्षानुवर्षं स्थानिक सरकारी यंत्रणेच्या हाती होतं, संस्था धान्य आणून द्यायच्या. २०२३ मध्ये बाजारात मदतीच्या शिक्क्याची पोती मोठ्या प्रमाणावर सापडली. आधी उत्तरेकडच्या तिग्राय भागात आणि मग जूनमध्ये अख्ख्या देशात अमेरिकन सरकारने आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने वाटप थांबवलं. नीट सुरू व्हायला वर्ष संपत आलं, तेही यादी आणि गोदाम यांवरची पकड बदलून. चोरी कुणी केली आणि उपाशी कोण राहिलं बघा. येमेनमध्ये २०१९ च्या जूनमध्ये सना शहरात असंच, तिथे ताबा असलेल्या हुथी बंडखोरांशी लाभार्थ्यांच्या बोटांच्या ठशांच्या नोंदणीवरून अडलं, साडेआठ लाख लोकांचं रेशन थांबलं, ऑगस्टमध्ये करार होऊन पुन्हा चालू झालं. पोरांचं आणि गरोदर बायांचं पोषणाचं तेवढं चालू ठेवलं होतं.

मी तेव्हा थांबवण्याच्या बाजूने होतो. आज विचारलंत तर खात्रीने सांगता येणार नाही.

रोखठोक

म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच झालं ना, सरकारच्या हातात यादी दिली की चोरी.

जुनंखोड

नाही. यादी *एकाच्या* हातात दिली की चोरी, मग तो एक कुणीही असो. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या गोदामांतून माल गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

मधल्यामधे

आणि स्थानिक संस्थांच्याही, आम्ही काही धुतल्या तांदळाचे नाही. पण एक सांगते, कधीकधी या सगळ्या रचनेच्या बाहेरच काम होतं. सुदानमध्ये २०२३ ला युद्ध पेटल्यावर मोठ्या संस्था खार्टूममधून बाहेर पडल्या, सरकार स्वतःच पळापळीत, तेव्हा गल्लीतल्या पोरापोरींनी आपत्कालीन खोल्या म्हणून गट केले आणि सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. ना करार, ना टनावर मोबदला. डाळ शिजवायची आणि रांगेत वाटायची. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा पैसा अचानक थांबला तेव्हा त्यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. त्यांच्याकडे दोन महिने तग धरण्याएवढी शिल्लक नव्हती, कारण शिल्लक ठेवायला पैसे कुणी देतच नाही, "ओव्हरहेड", म्हणजे वरखर्च, म्हणतात त्याला आणि नाक मुरडतात.

एक धोक्याची सूचना पण. जुनंखोड म्हणतात तसं निकष उघड करा, जरूर. नावं मात्र भिंतीवर लावताना विचार करा. विस्थापितांमध्ये पळून आलेले, लपलेले लोक असू शकतात. समितीला यादी देताना कोणत्या तंबूत कोण, कुठून आलं, कोणत्या जमातीचं, हे सगळे रकाने द्यायची गरज असते का? पार्टनरला विचारा, त्याला माहीत असतं कोणता रकाना कुणाला महागात पडेल. आम्ही एकदा नुसते नंबर आणि घरातली माणसं एवढंच दिलं होतं, पडताळणीला सगळे एकत्र जागेवर गेलो.

वाटसरू_९

मंडळी मनापासून आभार, उशीर झाला उत्तराला, अकरा दिवस धावपळ चालू आहे. सांगतो काय झालं.

मधल्यामधे ताई, तुमचं ऐकून गेलो त्याच्या ऑफिसात. तुम्ही म्हणालात तसंच. मेल मी त्याला न विचारता टाकला होता आणि समितीच्या सचिवाने त्याला दोन तास बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. हप्ताही अडकलेला, आमच्याच बाजूने, एक सही राहिली म्हणून. लाज वाटली खरं सांगायचं तर. सही झाली, पैसे गेले, आता फोन पहिल्या रिंगला उचलतो.

मग निकषांचं एक पान केलं, समितीसोबत, त्यांच्याच खोलीत बसून, त्यांचा कारकून लिहायला. दुकानवाल्यांचा विषय कुणी काढलाच नाही, सचिवच म्हणाला ही काही नावं आम्ही परत तपासतो. आणि न जुळणाऱ्या नावांची पडताळणी तिघांनी मिळून केली. इथे खरी गंमत. जवळपास निम्मी नावं वेगळी नव्हतीच! एका आजींचं नाव आमच्याकडे वडिलांच्या नावाने, समितीकडे वारलेल्या नवऱ्याच्या नावाने. आजी तंबूच्या दाराशी बसलेल्या, दोन्ही याद्या वाचून दाखवल्या, म्हणाल्या दोन्ही मीच, मग दोन पोती देता का. स्पेलिंगची तर कमाल, एकच नाव चार तऱ्हांनी. तीन आठवडे आम्ही एकमेकांना चोर म्हणत होतो ते यासाठी.

उरलेल्या निम्म्यात मात्र खरं भांडण आहे. नव्याने आलेल्या कुटुंबांना समिती अजून मानत नाही, म्हणते त्यांना यादीत घेतलं तर आणखी येतील. पहिलं वाटप जुळलेल्या नावांचं गुरुवारी सुरू करतोय, नव्या लोकांसाठी वरच्या पातळीवर बोलणं चालू आहे, काय होईल माहीत नाही.

गोदामराव, तुमच्यासाठी: फ्युमिगेशनचं रजिस्टर काढलं, शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची. मागच्या थप्पीत किडे दिसतायत, तरंगणारी पांढरी पूड पण आहे. गुरुवारी वाटप आहे, आता फ्युमिगेशन केलं तर चालेल का?

गोदामराव

अजिबात नाही. गॅस दिला की ताडपत्रीखाली बरेच दिवस बंद ठेवायला लागतं, मग हवा द्यायची, गॅस मोजून बघायचा, त्याआधी माणूस आत गेला तर जीव जाईल. गुरुवारचं वाटप पुढच्या थप्प्यांमधून करा, मागची थप्पी आजच वेगळी काढा, दुसऱ्या शेडमध्ये हलवता आली तर उत्तम, आणि नमुना काढून तपासणीला पाठवा. सरकारी अन्न तपासणीचा माणूस बोलवा, त्याच्या सहीशिवाय खराब माल फेकूही नका, नाहीतर उद्या तोच म्हणेल तुम्ही विकलात. पांढऱ्या पुडीचा फोटो टाका इथे, जवळून.

वाटसरू_९

टाकतो. शेडची चावी समितीकडे आहे, सचिवाला फोन लावतोय.